बाईंच्या अंगणात निळ्या पाट्या

या निवडणुकीत सरकार पडलं तर ते आपल्यामुळेच पडणार, याबद्दल मर्व्हिन क्लासेनच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता, की हे सरकारला कळणार कसं?

कारण सरकार बसतं तिकडे राजधानीत, ओटावात आणि मर्व्हिन राहतो सस्कॅचेवानमधल्या एल्म क्रॉसिंगला. दिवसा तो ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर उभा असे आणि संध्याकाळी जेवण झालं की तळघरातल्या कॉम्प्युटरवर 'प्रेअरीचा पहारेकरी' या नावाने ब्लॉग लिहीत असे. ब्लॉग कडवट निळ्या पक्षाचा. सत्तेवरच्या लाल पक्षवाल्यांना त्यात तो असं काही सोलून काढी, की लिहून झाल्यावर त्याचं त्यालाच वाटे, अरे, जरा जास्तच झालं. वाचक मोजके होते. बायको डोरीन रोज ब्लॉग उघडायची, पण वाचायची नाही, नुसता आकडा वाढावा म्हणून उघडायची. आणि एक नेमाने वाचणाऱ्या होत्या शेजारच्या बर्निसबाई.

बर्निस मक्लाउड म्हणजे गावातल्या शाळेच्या निवृत्त बाई. अर्ध्या गावाला त्यांनी अक्षरओळख करून दिलेली, मर्व्हिनलासुद्धा. जन्मापासून लाल पक्षाच्या. तरीही मर्व्हिनचा प्रत्येक लेख वाचायच्या आणि खाली कॉमेंट टाकायच्या. "मुद्दा पटला नाही. पण दुसरा परिच्छेद नेटका झालाय. शाबास." आता राष्ट्रद्रोह्यांचा बुरखा फाडायला बसलेल्या माणसाला खाली 'शाबास' मिळालं तर त्याची काय इभ्रत राहते, तुम्हीच सांगा.

देशभरातल्या निळ्या ब्लॉगवाल्यांची एक मंडळी होती. तिचं नाव 'निळी फळी'. मर्व्हिन तिचा सभासद होता, आणि फळीचा म्होरक्या होता कॅल्गरीचा कोणी एक इसम, जो स्वतःला 'पोलादी मूस' म्हणवून घ्यायचा. मूस म्हणजे तिकडचं सांबरासारखं, पण घोड्याहून धिप्पाड जनावर. त्याचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. मूसने एखाद्याचा लेख आपल्या पानावर वर लावला, की त्या माणसाचं सोनं व्हायचं. मर्व्हिनचा लेख त्याने एकदाही लावला नव्हता.

आणि अशात निवडणूक लागली, तीही ऐन जानेवारीत. गावचा प्रचारप्रमुख ड्वेन दुकानात आला आणि काउंटरवर रेलून म्हणाला, "मर्व्ह, शनिवारी साहेबांची बस आपल्या गावात थांबतेय."

"कोणते साहेब?"

"कोणते म्हणजे? आपले! पक्षाचे सर्वोच्च! बर्फावर कर्लिंग खेळतात त्या रिंगणात सभा आहे. आणि वरून निरोप आलाय, की या वेळी साहेबांची ओळख निळ्या फळीतला ब्लॉगवाला करून देणार. आपल्या भागात तूच एक आहेस. पण वरच्यांना नाव पाहिजे. देशात गाजेल असं काहीतरी लिही. लिहिलंस तर माइक तुझा. नाहीतर ते कॅल्गरीहून कोणालातरी आणतील."

मर्व्हिन घरी आला तो हवेतच. कपाटातून निळा टाय काढला, त्याला इस्त्री केली आणि आरशासमोर उभा राहून चमच्याला माइक समजून भाषण सुरू केलं. डोरीन दारात उभी राहून बघत होती.

"सूप ढवळायचंय," ती म्हणाली. "माइक दे."

आता गाजेल असं काय लिहायचं? एल्म क्रॉसिंगमध्ये गाजण्यासारखं शेवटचं काही झालं, त्यालाही बरीच वर्षं लोटली होती, आणि तेही एक गाय ग्रंथालयात शिरली होती एवढंच. मर्व्हिनने सोमवारचा पूर्ण दिवस डोकं खाजवण्यात घालवला. त्या संध्याकाळी वादळ आलं.

इथे पाट्यांचं जरा सांगायला हवं. निवडणूक आली की घरासमोरच्या अंगणात ज्याने त्याने आपापल्या पक्षाच्या पाट्या लावायच्या, ही रीत. पण जानेवारीत जमीन अशी दगड झालेली असते, की खुंटी काही आत जात नाही. म्हणून पाट्या रोवतात त्या वाटेच्या कडेला साचलेल्या बर्फाच्या बांधात. मर्व्हिनने आपल्या आणि बाईंच्या वाटेमधल्या बांधावर निळ्या पाट्यांची रांगच लावली होती. पलीकडे, बाईंच्या खिडकीखाली, एकच लाल पाटी. ती बघून मर्व्हिनला रोज सकाळी कॉफी कडू लागायची.

आणि दुसरी रीत यंत्राची. या गल्लीत स्नोब्लोअर फक्त मर्व्हिनकडे होतं. समोरून बर्फ खायचं आणि वरच्या नळकांड्यातून बाजूला भिरकावून द्यायचं, असं ते धूड. वादळाच्या दुसऱ्या दिवशी तो अंधारात उठून आधी आपली वाट मोकळी करायचा, मग वळून बाईंची. त्याबद्दल कोणी बोलायचं नाही, कोणी आभार मानायचे नाहीत. फक्त दोनतीन दिवसांनी बाईंकडून बटर टार्ट या गोड खाऊचं ताट यायचं, आणि तेही काही न बोलता. लाल काय, निळं काय, वाटेचा आणि पक्षाचा कधी संबंध आला नव्हता.

मंगळवारी सकाळीही तेच. कानाला मफलर, त्यावर टोपी, त्यावर कानबंद. डोक्यात भाषण. "बंधुभगिनींनो, आज आपल्यात..." मध्येच यंत्र जोरात खोकलं. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा खोकलं, मग खडखडलं. मर्व्हिन थबकला नाही. यंत्राचा नुसता आवाज ऐकून रोग सांगतो, अशी दुकानात त्याची ख्याती होती. "गोठलेला पेपर," त्याने निदान केलं. "पेपरवाल्याला सांगायला हवं, दारात टाक म्हणून." आणि भाषण पुढे चालू झालं.

उजाडल्यावर तो कॉफीचा मग घेऊन बाहेर आला आणि जागीच थिजला. बांधावर एकही निळी पाटी नव्हती! आणि पलीकडे, बाईंच्या पांढऱ्याशुभ्र अंगणात, निळ्या प्लॅस्टिकच्या चिंधड्या पसरल्या होत्या. एका तुकड्यावर उमेदवाराचा एक डोळा होता आणि तो थेट मर्व्हिनकडे बघत होता.

"डोरीन! कॅमेरा आण!"

लेखाला त्याने मथळा दिला, 'लाल गुंडांचा हैदोस!' खाली फोटो. त्याखाली एवढी उद्गारचिन्हं, की डोरीनने विचारलं, कळ अडकली का? दुपारी जेवायच्या सुट्टीत त्याने दुकानातल्या कॉम्प्युटरवर ब्लॉग उघडला, आणि डोळे चोळले. पोलादी मूसने लेख सगळ्यात वर लावला होता. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतची निळी जनता कॉमेंटमध्ये उतरली होती. वाचकांचा आकडा मीटर बिघडल्यासारखा पळत होता.

मूसचा खासगी निरोप आला. "उत्तम काम, पहारेकरी. ते अंगण कोणाचं आहे? त्या माणसाची प्रतिक्रिया घे."

 बाईंकडे जाऊन हे विचारायचं म्हणजे... पण माइक डोळ्यांसमोर होता. तो गेला. बाईंनी दार उघडलं. नवीन बसवलेल्या खुब्यामुळे त्या काठी टेकत चालत होत्या.

"बाई, माझ्या पाट्या फाटल्यात. तुमच्या अंगणात तुकडे पडलेत."

"अगंबाई, हो का? सॉरी हं, मर्व्हिन."

"म्हणजे तुम्हाला काही माहीत आहे?"

"मला कुठलं माहीत असायला? मी झोपले होते. सॉरी. ये ना आत. चहा जरा गार झालाय, सॉरी."

आता या देशात कोणाच्या पायावर पाय पडला तर ज्याचा पाय चेंगरला तोही सॉरी म्हणतो. मर्व्हिन स्वतः एकदा दाराच्या खांबाला सॉरी म्हणाला होता. हे त्याला पुरतं ठाऊक होतं. तरीसुद्धा त्या संध्याकाळी तळघरात बसून त्याने मथळा टाइप केला, 'शेजारणीची तीन वेळा माफी! ही कबुली नाही तर काय?' नाव मात्र लिहिलं नाही, तेवढी लाज शिल्लक होती. नाव दुसऱ्या दिवशी मूसने शोधून काढलं.

मग काय विचारता! लाल ब्लॉगवालेही खवळून उठले. त्यांच्याकडे हॅलिफॅक्सची एक तिखट बाई होती, दातांनी झाडं पाडणाऱ्या बीव्हर प्राण्यावरून 'चिडलेली बीव्हर' या नावाने लिहिणारी. तिने विचारलं, "काठी टेकणारी निवृत्त शिक्षिका भर वादळात उठून प्लॅस्टिकच्या पाट्या हाताने फाडते? निळ्यांनो, तुमच्या पाट्या पापडाच्या आहेत का?"

त्यावर मूसने मर्व्हिनचाच फोटो मोठा करून त्यावर बाण आणि गोल काढले. "बघा. अंगणात पावलांचा एकही ठसा नाही. एकही! हे साध्या माणसाचं काम नाही. ही प्रशिक्षित टोळी आहे." खाली कॉमेंटमध्ये कोणी लिहिलं, दोरीवरून आले असतील. कोणी लिहिलं, हेलिकॉप्टर. एकाने तर वाऱ्याची दिशा आणि छपराची उंची धरून गणितच मांडलं. मर्व्हिनने ते सगळं वाचलं आणि त्याला एका गोष्टीचं आश्चर्य वाटलं, की आपल्या गावात हेलिकॉप्टर येऊन गेलं आणि आपल्याला आवाजसुद्धा आला नाही!

बुधवारी ड्वेनचा फोन आला. "मर्व्ह, माइक तुझा! साहेबांनी स्वतः वाचलंय. आणि ऐक, शनिवारी बस आधी तुझ्या दारात येणार. साहेब त्या अंगणासमोर उभे राहून बोलणार, टीव्हीवर थेट. मग तू त्यांच्याबरोबर बसमधून सभेला."

"बसमधून?"

"त्यांच्या शेजारच्या सीटवर. मी नव्या पाट्या लावून ठेवतो, तू फक्त टाय बांध."

मर्व्हिन फोन ठेवून वळला तर डोरीन सूपचं भांडं टॉवेलमध्ये गुंडाळत होती.

"कोणासाठी?"

"बाईंसाठी. त्यांचा फोन सकाळपासून वाजतोय. कोण कुठले लोक शिव्या देतायत. आणि त्या प्रत्येकाला म्हणतायत, सॉरी, तुमचा चुकीचा समज झालाय, तुमच्याकडे हवा कशी आहे? मर्व्हिन, त्यांनी तुला वाचायला शिकवलं रे."

"हे राजकारण आहे, डोरीन."

"मग ते तू सूपबरोबर खा." आणि ती गेली.

गुरुवारी सकाळी त्याने खिडकीतून पाहिलं. बाई काठी टेकत टेकत अंगणात आल्या, लाल पाटी उपसली आणि काखेत मारून परत निघाल्या. मर्व्हिन धावत बाहेर गेला.

"बाई, पाटी का काढलीत?"

"म्हटलं तुला बरं वाटेल," बाई म्हणाल्या. "मी या पक्षाची पाटी पहिल्या मतदानापासून लावतेय. पण शेजारी नाराज असेल तर ती लावून काय करू? आणि मर्व्हिन, परवाच्या लेखात तू एकच मुद्दा दोनदा मांडलायस."

 मर्व्हिनला फार वाईट वाटलं. इतकं, की सगळं मागे घ्यावं असं त्याने मनाशी ठरवलंसुद्धा. पण घरात आला तर खुर्चीवर इस्त्री केलेला टाय होता, आणि त्या टायकडे बघता बघता त्याने ठरवलं, की सगळं मागे घ्यायचं, पण सोमवारी.

शुक्रवारी पुन्हा वादळ झालं. शनिवारी सकाळी गल्ली बर्फाने अशी भरली होती, की कुठे वाट, कुठे अंगण, काही कळेना. टीव्हीवाल्यांची गाडी येऊन उभी राहिली. कॅमेऱ्यासमोर एक मुलगी नाक पुसत उभी होती. ड्वेन धावत आला.

"मर्व्ह, बस दहा मिनिटांत पोचते! थांबायला जागा नाही! साहेब कुठून चालणार?"

"मी आहे ना," मर्व्हिन म्हणाला. निळा टाय, त्यावर जाड कोट, त्यावर कानबंद. त्याने यंत्राची दोरी खेचली. आपल्या वाटेचं तोंड झटकन मोकळं केलं, ड्वेनने हात दाखवला, शाबास, आणखी रुंद कर. बस वळली. बसची दारं उघडली. साहेब उतरले, हसले, हात हलवला. कॅमेरा वळला. बाईही आपल्या खिडकीत येऊन उभ्या राहिल्या होत्या.

कॅमेरा आपल्यावर आहे हे बघून मर्व्हिनला स्फुरण चढलं. नुसती वाट करून काय थांबायचं? सवयीने त्याचे हात यंत्र वळवून बाईंच्या वाटेकडे निघाले. आणि कडेच्या बांधातून जाताना यंत्र जोरात खोकलं.

खोकलं, खडखडलं आणि नळकांड्यातून निळं कारंजं उडालं.

काल ड्वेनने लावलेल्या नव्या पाट्या बर्फाखाली होत्या. त्या एकामागून एक आत गेल्या आणि एकामागून एक बाहेर आल्या. निळ्या चिंधड्या भुरभुरत बाईंच्या अंगणात पडल्या, अगदी मंगळवारी पडल्या होत्या तशाच. पावलांचा एकही ठसा नाही. मर्व्हिनचं लक्ष कॅमेऱ्याकडे होतं आणि कान बंद होते, त्यामुळे तो तसाच पुढे जात राहिला. वारं फिरलं, तसं कारंजंही फिरलं. उमेदवाराच्या नाकाचा तुकडा साहेबांच्या टोपीवर येऊन बसला.

शेवटी ड्वेननेच जाऊन यंत्र बंद केलं. एकदम शांतता झाली.

"काय झालं?" मर्व्हिनने कानबंद काढत विचारलं. "पेपर अडकला का?"

 मर्व्हिनने अंगणाकडे पाहिलं, नळकांड्याकडे पाहिलं, मग पुन्हा अंगणाकडे. त्याचा चेहरा हळूहळू असा लाल होत गेला, की त्या दिवशी त्या गल्लीत दुसरं लाल काही उरलंच नव्हतं.

साहेबांनी टोपीवरून नाक उचललं, बघितलं आणि खिशात ठेवलं. "सॉरी," मर्व्हिन म्हणाला. "सॉरी," साहेबही म्हणाले, कारण तेही शेवटी याच देशातले. मग ते बसमध्ये चढले, दार बंद झालं आणि शेजारची सीट रिकामी घेऊन बस सभेला निघून गेली. ड्वेन बसच्या मागे काही अंतर धावला.

टीव्हीवरची मुलगी तेवढी थांबली होती. तिने माइक पुढे केला. तोच तो माइक, ज्याची मर्व्हिन आठवडाभर वाट बघत होता. "काही बोलायचंय?"

 मर्व्हिनचा सोमवार आजच आला होता. त्याने खिडकीकडे पाहिलं. "बाईंनी काही केलं नाही," तो म्हणाला. "सगळं मीच केलं. पाट्याही मीच फाडल्या आणि बोंबही मीच मारली. बाई, चुकलो. माफ करा." इस्त्री केलेलं भाषण सगळं राहिलं, आणि बोलला ते एवढंच. बाईंनी खिडकीतून हात हलवला.

तो तळघरात पोचेपर्यंत मूसचा फतवा निघाला होता. मर्व्हिन क्लासेन निळ्या फळीतून बाद! आणि खाली खुलासा. "हा माणूस पहिल्यापासून लाल पक्षाचा हेर होता. पुरावा हवा? टीव्हीवर सगळ्या देशाने पाहिलं. तो एका लाल घराची वाट साफ करत होता. फुकट! शेजाऱ्यांकडे चौकशी केली असता कळलं, की हे गेली कित्येक वर्षं चालू आहे!" कॉमेंटमध्ये लोक म्हणत होते, तरीच. मला पहिल्यापासून संशय होता. टायचा निळा रंगही जरा वेगळाच आहे.

मर्व्हिनने मूसला उत्तर दिलं नाही. त्याने बसून एक लांबलचक माफीनामा लिहिला. त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. लिहून ब्लॉगवर टाकला आणि वाट बघत बसला. देशभरातून एकानेही कॉमेंट टाकली नाही. वर डोरीन भांडी घासत होती. बऱ्याच वेळाने एक कॉमेंट आली.

"प्रिय मर्व्हिन, लेख वाचला. प्रामाणिक आहे. शेवटी थोडं पाल्हाळ झालंय. शाबास. ता.क. माझी वाट अर्धीच झालीय. सांगायला संकोच वाटतो, सॉरी. ब. मक्लाउड."

मर्व्हिन तसाच उठला. या वेळी त्याने यंत्र चालू करण्याआधी झाडूचा दांडा घेतला आणि बांधावरचा बर्फ टोचत टोचत पुढे गेला, डॉक्टर पोट तपासतात तसा. टोचून झालं, वाट साफ झाली. बाईंनी दार उघडलं. एका हातात बटर टार्टचं ताट होतं आणि दुसऱ्या हातात लाल पाटी.

"मर्व्हिन, आता परत लावली तर चालेल ना रे? पण या खुब्यामुळे मला खाली वाकता येत नाही."

"द्या इकडे," मर्व्हिन म्हणाला. एवढं सगळं झाल्यावर नाही कसं म्हणणार? तो गुडघ्यांवर बसला, लाल पाटी बर्फात नीट रोवली, ती सरळ आहे की नाही हे डोळा बारीक करून पाहिलं, आणि वरचा बर्फ हाताने मायेने झटकला. त्याच क्षणी कॅमेऱ्याची कळ वाजली. टीव्हीवाल्यांची गाडी अजून कोपऱ्यावरच उभी होती.

संध्याकाळी तो फोटो चिडलेल्या बीव्हरने लावला, मग सगळ्या लालांनी लावला, आणि सगळ्यात वर, सगळ्यात मोठा करून, पोलादी मूसने लावला. त्यावर बाण नव्हते, गोल नव्हते. खाली एकच ओळ होती. "मी म्हणालो नव्हतो?"

त्या दिवशी 'प्रेअरीच्या पहारेकऱ्या'ची वाचकसंख्या अशी चढली, की मंगळवारचा विक्रम मोडला. मर्व्हिन बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला होता. मग त्याने बाईंनी दिलेलं टार्ट तोंडात टाकलं आणि वर हाक मारली.

"डोरीन, या फोटोत मी जरा जाड दिसतोय का गं?"